गार्डकाकूंची एक सही

परीक्षेला निघालेल्या मुलाला सगळं जग एकच प्रश्न विचारतं, "अभ्यास झाला का?" गार्डकाकूंनी तो कधी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. त्या हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "पेन दाखव." अभ्यास झाला नसेल तर काहीतरी सांगून वेळ मारून नेता येते. पेनाच्या बाबतीत ती सोय नव्हती. ते हातात द्यावंच लागे. मग काकू ते डोळ्यांजवळ न्यायच्या, टोपण काढायच्या आणि टोकाकडे बघत राहायच्या. लहानपणी मला अंधाराची भीती वाटली नाही, गल्लीतल्या कुत्र्यांची वाटली नाही. काकूंच्या त्या पुढे आलेल्या हाताची मात्र वाटायची.

त्यांचं खरं नाव सुमती कर्णिक. एका मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या, पण त्यांची ख्याती भूगोलासाठी नव्हती. बंगालीत परीक्षेच्या वर्गावर देखरेख करण्याला 'गार्ड देणं' म्हणतात, आणि आज आपल्या वर्गावर कर्णिक मिस गार्ड आहेत हे कळलं की मुली आपणहून चिठ्ठ्या खिडकीबाहेर टाकून द्यायच्या, असं त्यांच्याच विद्यार्थिनी सांगत. कोलकत्यात डमडमला आमची पाच-सात मराठी घरं. आम्ही मुलं जिन्यात बंगालीत भांडायचो आणि उंबरठा ओलांडला की मराठीत जेवण मागायचो. गार्डकाकू हे नाव अशाच कुठल्यातरी जिन्यात तयार झालं. तोंडावर ते घ्यायची छाती कुणाची नव्हती. तोंडावर नुसतं 'काकू'.

काकूंचे यजमान यशवंतकाका केंद्र सरकारच्या नोकरीत होते. कोलकत्याहून त्यांची बदली झाली तेव्हा त्यांनी खटपट करून ती रद्द करून घेतली. "कर्णिक माशांसाठी राहिला," असं माझे बाबा म्हणायचे, आणि काका ते नाकारायचे नाहीत. काका गेले, मुलगा श्रीपाद बंगळुरूला गेला, काकू त्याच घरात राहिल्या. घर विमानांच्या वाटेखाली. विमान उतरायला आलं की तावदानं थरथरायची आणि कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही. आपण सगळे अशा वेळी आवाज चढवतो. काकू वाक्य होतं तिथे थांबवायच्या, विमान जाऊ द्यायच्या आणि नेमक्या पुढच्या शब्दापासून सुरू करायच्या. "काळं पेन..." विमान. आम्ही सगळे श्वास रोखून. ज्यानं काळं आणलेलं असे तो तर रडायच्या बेतात. "...चालेल. पण मग शेवटच्या ओळीपर्यंत काळंच."

हे सगळं चालायचं बोर्डाच्या परीक्षेच्या आधीच्या संध्याकाळी. दहावी-बारावीच्या मुलांनी काकूंकडे जायचं, ही आमच्या घरांमधली रीतच झाली होती. न जाणं म्हणजे देवाला नमस्कार न करता निघण्यासारखं. काकू स्टीलचं ताट पुढे ठेवायच्या. त्यात आपली पेनं मांडायची. आधी तपासणी, मग औक्षण. औक्षणाचा मान कधीकधी पेनालाच मिळायचा, कारण नापास झालेल्या पेनाचा मालक तोवर बाजारात पळालेला असे.

नियम पाठ झाले होते. निळं म्हणजे निळं; आकाशी नाही, मोरपिशी नाही. जेल पेन नाही, शाई पानाच्या मागे उमटते. पेन पारदर्शक हवं, आत काय आहे ते दिसलं पाहिजे. जोडीला तशीच आणखी दोन, त्याच कंपनीची. आणि तिन्ही आधी दोन-दोन पानं लिहून मळवलेली. "नवं पेन आणि नवी चप्पल, दोन्ही पहिल्या दिवशी चावतात," असं त्या म्हणायच्या. एका मुलीनं उत्साहानं मथळ्यांसाठी हिरवं पेन आणलं होतं. काकूंनी ते दोन बोटांत धरून ताटाबाहेर ठेवलं. "लाल तपासणाऱ्याची. हिरवी त्याच्याही वरच्याची. निळी आपली. दुसऱ्याच्या रंगात हात घालायचा नाही." ती मुलगी आज मोठ्या हुद्द्यावर आहे, हिरव्या शाईत सह्या करू शकते, पण अजून करत नाही, असं तिनंच मला सांगितलं.

सरस्वतीपूजेच्या दिवशी इथली मुलं वह्या-पेनं देवीच्या पायाशी ठेवतात आणि त्या दिवशी अक्षर लिहीत नाहीत. आम्हीही ठेवायचो, दिवसभर अभ्यासाला सुट्टी देणारी देवी कुणाला नको असते? काकूंना देवीबद्दल आदर होता, पण देवीपुढे दूध भरून ठेवतात त्या दौतीबद्दल नव्हता. "ठेवा की. पण परीक्षेचं ठेवू नका, दुसरं ठेवा. दुधाचा थेंब आत गेला तर देवी येणार आहे का गार्डला सांगायला?" आई म्हणायची, अशी कशी ही बाई, देवीच्या आशीर्वादालाही टोपण लावते. बाबा म्हणायचे, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस." मोठी माणसं हसायची. आम्हाला हसू यायचं नाही, कारण परीक्षेच्या वर्गात आम्ही बसणार होतो.

आणि मग ती इस्त्री. ताटातल्या प्रत्येक पेनानं काकू कागदावर एक ओळ लिहायच्या. एका टोकावर पाण्याचा थेंब सोडायच्या, मधल्या भागावरून अंगठा फिरवायच्या, आणि उरलेल्या टोकावरून गरम इस्त्री. पाणी समजण्यासारखं होतं, अंगठाही. इस्त्री कशाला? "पेपरांचे गठ्ठे कुठे कुठे उन्हात पडतात, तुम्हाला काय माहीत? मार्च-एप्रिल आहे. कोलकत्याचा." यावर बाबांनी घरी येऊन बरीच करमणूक केली होती: उद्या काकू पेनं उकळतीलही म्हणाले. त्यांची करमणूक एका संध्याकाळी कायमची थांबली. ऋचा नावाची माझ्या वर्गातली मुलगी, तिच्या वडिलांनी परदेशातून तिला एक सुंदर पेन आणलं होतं. मागच्या टोकानं घासलं की लिहिलेलं पुसलं जायचं. खाडाखोड नको म्हणून ती ते घेऊन आली होती. पाण्याला ते टिकलं, अंगठ्याला टिकलं. काकूंनी इस्त्री टेकवली आणि उचलली. खाली कोरा कागद होता. काकूंनी ओळीत लिहिलेलं ऋचाचं नाव अर्धं उरलं होतं, अर्धं गेलं होतं.

  मला आठवतं, ऋचाची आई खाली बसली, खुर्ची आहे की नाही हेही न बघता. सगळा पेपर त्या पेनानं लिहिला असता आणि गठ्ठा कुठल्या तापलेल्या गाडीत पडला असता तर, हे चित्र त्या खोलीतल्या प्रत्येकानं आपापल्या डोळ्यांनी बघितलं. काकूंना ती जिंकल्याची वेळ होती. पण त्यांचा चेहरा आमच्यापेक्षा जास्त उतरला होता. त्यांनी इस्त्री बंद केली आणि ऋचाला म्हणाल्या, "साधं निळं आण. जा, दुकान उघडं असेल." त्यानंतर आमच्यापैकी कुणी काकूंना हसलं नाही. त्या भीतीत असतात हे माहीत होतं. ती भीती खरी असते हे त्या दिवशी कळलं.

सगळ्या नियमांच्या शेवटी एक नियम यायचा आणि तो सांगताना काकू आमच्याकडे बघायच्या नाहीत. इस्त्रीची वायर गुंडाळता गुंडाळता सांगायच्या. "लिहिता लिहिता शाई बदलली, तर तिथे गार्डची सही घ्यायची. हात वर करायचा, उभं राहायचं, सही घ्यायची. सहीशिवाय पुढचा शब्द नाही." का, असं एकदा कुणीतरी विचारलं. "दोन शाया म्हणजे दोन हात असं धरतात," एवढंच म्हणून त्या आरतीचं निरांजन आणायला आत गेल्या.

माझी बारावी. केंद्र सियालदहजवळच्या एका शाळेत आलं होतं. रसायनशास्त्राच्या आदल्या संध्याकाळी माझी तिन्ही पेनं पुन्हा काकूंच्या ताटात होती. एकाच कंपनीची, एकाच नावाची, दोन जुन्या पुड्यातली आणि एक आदल्या दिवशी आणून वेगळ्या वहीत मळवलेलं. तिन्ही पाण्याला, अंगठ्याला, इस्त्रीला उतरली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून काकूंना ट्यूबलाइट सोसायची नाही, म्हणून खोलीत पिवळा दिवा असायचा. त्या दिव्याखाली त्यांनी प्रत्येक पेन आपल्या नेहमीच्या पद्धतीनं वेगवेगळ्या कागदावर तपासलं. "जा," म्हणाल्या. काकूंनी 'जा' म्हटलं की जीव भांड्यात पडायचा. त्या संध्याकाळी मी घरी येऊन पोटभर जेवले.

पेपराच्या मध्यावर माझं पहिलं पेन रेघा सोडायला लागलं. दुसरं तर चालेचना. बाकावरून घरंगळून टोकावर पडलं होतं. मी तिसरं काढलं, नवीन आणलेलं. एक ओळ लिहिली आणि तिथेच थांबले. वरची ओळ निळी होती आणि ही ओळ जांभळ्याकडे झुकणारी, गडद, जवळजवळ काळी. कंपनीनं शाई बदलली असावी. नाव तेच, टोपण तेच. पिवळ्या दिव्याखाली, वेगवेगळ्या कागदांवर, ते दिसण्यासारखंच नव्हतं. वर्गातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली ते आंधळ्यालाही दिसलं असतं. वाक्याच्या अगदी मधोमध हात बदलल्यासारखं.

मी हात वर केला आणि उभी राहिले. गार्ड म्हणून एक तरुण सर होते, दाढी राखलेले, उकाड्यानं वैतागलेले. मी त्यांना शाई दाखवली आणि सही मागितली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्याकडे जमीन मागितली. "ओ शब लागबे ना," म्हणाले. तसलं काही लागत नाही. मी म्हटलं, सर, प्लीज. आजूबाजूच्या मुली मान वर करून बघायला लागल्या. त्यांनी घड्याळाकडे बोट केलं. "लेखो, लेखो. शोमोय जाच्छे." लिही, लिही, वेळ जातोय. मी बसले. सहीशिवाय पुढचा शब्द नाही, हे कानात वाजत होतं, आणि मी पुढचे शब्द लिहीत होते. रसायनशास्त्रातलं काय लिहिलं ते मला आजही आठवत नाही.

घरी न जाता मी तशीच काकूंकडे गेले. सगळं सांगितलं. काकूंनी तिसरं पेन घेतलं, पहिलं घेतलं, खिडकीशी उजेडात गेल्या आणि एकाच कागदावर एकाखाली एक दोन ओळी लिहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं आता बोलणी बसणार: दोन पुड्यांतली पेनं का आणलीस, पडू का दिलंस. त्या वळल्या तेव्हा मला दिसलं की त्यांचा हात थरथरतोय. एवढी वर्षं ज्या हाताला मी घाबरत आले तो हात.

"मी शेजारी-शेजारी लिहून बघितलंच नाही," त्या म्हणाल्या. मग पलंगाच्या कडेला बसल्या. "गार्ड काय म्हणाला? नेमकं सांग. त्याचे शब्द सांग."

मी सांगितले. लिही, लिही, वेळ जातोय.

"हेच," काकू म्हणाल्या. "हेच म्हटलं होतं मी."

तेव्हा मला ती गोष्ट कळली. पुष्कळ वर्षांपूर्वी, त्या नोकरीत नवीन असताना, त्यांच्या वर्गात एक मुलगी होती. पारोमिता. पेन संपलं म्हणून तिनं हात वर केला, काकूंनीच दुसऱ्या मुलीकडचं पेन तिला आणून दिलं. शाई वेगळी होती. मुलगी पेपर पुढे करून उभी राहिली; तिला नियम माहीत होता. तेवढ्यात बाहेर पाहुणे तपासनीस आल्याचा गलबला झाला. "मी तिला म्हटलं, लिही गं, लिही, वेळ जातोय. नंतर करते सही. आणि मग राहिलीच." तिचा निकाल राखून ठेवला गेला. दोन शाया, अक्षरही घाईनं बदललेलं. बाहेरून लिहून आणलेलं पान जोडलं असा संशय. काकूंनी लेखी दिलं, चकरा मारल्या. तेव्हा का नाही सही केलीत, असं त्यांनाच उलट विचारलं गेलं. निकाल शेवटी सुटला. तोवर कॉलेजांचे प्रवेश संपले होते आणि घरच्यांनी मुलीचं लग्न ठरवलं होतं. "तिचे वडील रोज शाळेत येऊन बसायचे गं. मला काही बोलायचे नाहीत. नुसते नमस्कार करायचे. आणि मी..."

विमान आलं. काकू थांबल्या. ते गेलं, तावदानं शांत झाली, पण पुढचा शब्द आला नाही. काकूंनी वाक्य अर्धं सोडल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं, आणि मला स्वतःपेक्षा त्यांच्यासाठी जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता. सकाळीच काकू इस्त्रीची साडी नेसून आमच्या दारात हजर. "अनघाला घेऊन जाते. केंद्रावर." बाबा म्हणाले, अहो काकू, आता गठ्ठे गेले असतील, कुणी बघणारही नाही एवढं. काकू म्हणाल्या, "दुधानं तोंड माझं पोळलंय. ताक मला फुंकू द्या." बाबांनी मुकाट्यानं टॅक्सी बोलावली.

शाळेच्या फाटकावर दरवान आत सोडेना. काकू हलेनात. उन्हात, त्या वयात, पर्स छातीशी धरून उभ्या. मला लाज वाटत होती आणि रडू येत होतं. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. शेवटी आतून मुख्याध्यापिका आल्या. इथे त्यांना 'बोडदी' म्हणतात. पांढरे केस, जाड चष्मा. काकूंचं बंगाली इतक्या वर्षांनीही मराठी वळणाचं. ते ऐकून दरवान हसला. बोडदी हसल्या नाहीत. काकू म्हणाल्या, "आमार भूल. कोलोम आमी देखेछी." चूक माझी आहे, पेन मी तपासलं. गार्डची तक्रार करायला आले नाही, मुलीनं सही मागितली होती एवढं कुठेतरी लिहून ठेवा.

बोडदींनी आम्हाला आत नेलं, पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. "एतो भोय केनो पाच्छेन, दिदी?" एवढं का घाबरताय, असं त्यांनी विचारलं; चेष्टेनं नाही, एक गार्ड दुसऱ्या गार्डला विचारते तसं. काकूंनी पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. बोडदींनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला आणि वरच्या कार्यालयात पाठवते म्हणाल्या. तो त्यांनी पाठवला की आमची समजूत म्हणून टेबलाच्या खणात ठेवला, मला माहीत नाही. अर्ज लिहायला काकूंनी मला आपल्या पर्समधलं पेन दिलं. देण्याआधी ते तळहातावर चालवून बघितलं.

मग निकालापर्यंतचे दिवस. त्या दिवसांत काकूंनी चहा सोडला. नवस वगैरे काही बोलल्या नाहीत, नुसतं "नको, पित्त होतं" म्हणायच्या; पण सकाळचा चहा घेतल्याशिवाय देवाशीही न बोलणारी ती बाई, कुणाला खरं वाटणार? रोज संध्याकाळी आमच्याकडे यायच्या, पाच मिनिटं बसायच्या, पेपराचा विषय काढायच्या नाहीत. मीही काढत नसे. आम्हा दोघींना तो एकमेकींच्या तोंडावर दिसायचा. आई म्हणायची, तुम्ही दोघी अशा बसता जशा दवाखान्यात नंबर लावून बसल्यात. मला झोप लागली की त्या दोन ओळी दिसायच्या, निळी आणि तिच्याखालची काळपट, आणि एक लाल पेन त्यांच्यामधून हळूहळू सरकत यायचं.

निकालाच्या दिवशी फोन हातात घेऊन मी जिने धावत उतरले आणि काकूंचे जिने धावत चढले. दार उघडंच होतं. त्या मधल्या खोलीत उभ्या होत्या, भिंतीला हात लावून. किती पडले असं त्यांनी विचारलं नाही. "राखून नाही ना ठेवला?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "नीट बघितलंस? रसायनशास्त्राचा?" मी स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. चष्मा लावून त्यांनी एकेक ओळ बोटानं वाचली. मग खुर्चीत बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मी पेढ्यांचं काहीतरी बोलले. "पेढे राहू देत," त्या पदराआडून म्हणाल्या, "आधी चहा टाक."

त्या पेपराच्या दोन शाया तपासणाऱ्याला दिसल्या की नाही, देव जाणे. बहुतेक दिसल्या नसतील; दिसल्या तरी त्यानं जांभई देऊन पान उलटलं असेल. मी एकदा काकूंना तसं म्हटलं. तोवर मी नोकरीला लागले होते आणि मला धीर आला होता. काकू म्हणाल्या, "पारोमिताच्या तपासणाऱ्यालाही दिसल्या नसत्या, असंच कुणीही म्हणालं असतं. एखाद्याला दिसतात." मी पुन्हा तो विषय काढला नाही. पण त्यानंतर ताटावर एक पायरी वाढली होती: सगळी पेनं एकाच कागदावर, एकाखाली एक, आणि तेही दिवसाउजेडी. त्यासाठी मुलांना संध्याकाळऐवजी दुपारी बोलवायला लागल्या.

पुढे मुलंही कमी झाली. घरं बदलली, बदल्या झाल्या, आणि मोठ्या परीक्षांना पेन केंद्रावरच मिळायला लागलं. ते ऐकून काकूंना बरं वाटेल असं मला वाटलं होतं.  "म्हणजे मुलानं ते आधी बघितलेलंच नसतं?" एवढंच म्हणाल्या.

गेल्या वर्षी काकू घरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, त्यात हृदय आधीच अशक्त. सॉल्ट लेकमधल्या इस्पितळात नेलं. माझं ऑफिस तिथून जवळ, म्हणून श्रीपाद बंगळुरूहून निघून पोचेपर्यंत मीच त्यांच्यापाशी होते. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन लगेच करायला हवं, धोका आहे. धोका हा शब्द ते इतक्या सहज बोलले की तो मला दुसऱ्यांदा आठवल्यावर कळला. संमतीच्या कागदावर पेशंटची सही हवी होती. नर्सनं पॅड आणि पेन काकूंच्या हातात दिलं. काकूंनी सवयीनं पेन डोळ्यांजवळ नेलं. निळं होतं. मला त्या स्थितीतही हसू आलं आणि लगेच गेलं, कारण त्यांच्या बोटांत टोपण काढायचीही ताकद नव्हती; ते मी काढून दिलं.

सही त्या नेहमी मराठीत करायच्या, पूर्ण नाव. सुमती. थांबल्या, दम घेतला. यशवंत. आणि पेन थांबलं. त्यांनी दोनदा गिरवलं, कागदावर नुसता खड्डा पडला. नर्स घाईत होती. बाहेर स्ट्रेचर उभं होतं. तिनं खिशातलं दुसरं पेन काढून काकूंच्या हातात दिलं. काळं.

काकूंनी ते कागदाला लावलं नाही. मान वळवून माझ्याकडे बघितलं. एवढ्या सगळ्यात, ऑपरेशनच्या नावानंही, मी त्यांच्या डोळ्यांत भीती बघितली नव्हती. ती आता होती. "अनघे," त्या म्हणाल्या. आवाज फक्त मला ऐकू येईल एवढाच. "शाई बदलली."

"किच्छु होबे ना, माशीमा," नर्स म्हणाली. काही होत नाही, मावशी. "लिखुन, लिखुन. देरी होच्छे." लिहा, लिहा, उशीर होतोय.

मी नर्सला हातानं थांबवलं. काकूंच्या हातातून पेन घेतलं, 'यशवंत'च्या पुढे जिथे निळी शाई संपली होती तिथे बारीक अक्षरात लिहिलं, शाई बदलली, आणि खाली माझी सही केली. नर्स माझ्याकडे बघत राहिली. मी चष्मा काकूंच्या नाकावर नीट बसवला आणि पॅड त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते वाचलं. माझी सही पुन्हा वाचली.

स्ट्रेचर आत गेलं. काकू त्यातून घरी आल्या नाहीत. श्रीपादला मी पुढे सगळं सांगितलं, पण हे सांगितलं नव्हतं. आज लिहून सांगतेय.

मी पेन परत दिल्यावर त्यांनी काळ्या शाईत, सावकाश, एकही रेघ न थरथरता 'कर्णिक' लिहिलं. टोपण मला लावायला दिलं. आणि मला म्हणाल्या, "जा."